लिंबोणीचा कोंब

कोंब तसाच होता. कंचनबाईने दोन बोटांत धरून तो उलटासुलटा करून पाहिला, पण कुठे कुरतडलेलं दिसेना. भादव्याचं ऊन चटचटत होतं, जैनांच्या दसलक्षण पर्वातला उपास होता, तरी बाई खुशीत होती.

लिंबोणी जेमतेम गुडघ्याएवढी, तिच्या लेकाने, खेमचंदने लावलेली. गेल्या साली तो मानमोडीच्या साथीत तापाने गेला, आणि त्याच्या हातचं जितं असं एवढंच उरलं. अळ्यांनी तिचं पान न् पान फस्त केलं, शेंड्याला हा कोंब तेवढा राहिला. कंचनबाईच्या घरात मुंगीही मारत नसत. म्हणून तीन दिवसांपूर्वी तिने सातही अळ्या काडीने अलगद उचलून भिंतीजवळच्या जास्वंदावर नेऊन ठेवल्या होत्या. तिथे हिरव्या पाल्याला काय तोटा!

कुंपणापलीकडे चंपत माळी दोडके तोडत होता. तिने आपली युक्ती त्याला कौतुकाने सांगितली. चंपत हसला नाही.

"काकू, थे अळी लिंबोणीबिगर कशाले तोंड लावत नाई," तो म्हणाला. "उपाशी मरन, पण दुसरं खात नाई."

कंचनबाई जास्वंदाकडे जवळजवळ धावलीच. पाला जसाच्या तसा होता. खाली मातीत सहा अळ्या वाळून पडल्या होत्या आणि मुंग्या त्यांना ओढत होत्या.  ऐन पर्वात, तिच्याच हातून.

सातवी एका फांदीला चिकटून होती. काडी लावताच किंचित हलली. कंचनबाईने तिला ओंजळीत घेतलं, लिंबोणीपाशी आणलं आणि त्या कोंबावर ठेवलं.

"काकू, थो कोंब गेला तं झाड गेलं," चंपत म्हणाला.

"जाऊ दे."

ती तिथेच मातीत बसली. अळी हलेना. कंचनबाईने कोंब हलकेच वाकवून तिच्या तोंडाशी नेला. तापातल्या खेमचंदच्या ओठांशी पेजेची वाटीही तिने अशीच धरली होती.

"खाय ना, बाप्पा," ती म्हणाली. तेव्हाही हेच म्हणाली होती.

ऊन भिंतीवर चढलं. चंपत टोपली उचलून केव्हाच निघून गेला होता. एक मुंगी लिंबोणीच्या बुंध्यावरून वर निघाली.

कोंब तसाच होता.