आबांची हरकत

"लिही गो," सुरमईचे तुकडे करता करता आबा लेकीला म्हणाले. "पर्यटन कराला आणखी पाच वर्षं मुदतवाढ द्यायला आमची सक्त हरकत आहे. गिऱ्हाईक आमच्या हॉटेलात मासे खाणार, वर कर भरणार, आणि त्यातून नगरपरिषद किनाऱ्यावर शिट्ट्या फुंकणारे जीवरक्षक पाळणार. आम्ही काय शिट्ट्या ऐकून पोहायला शिकलो?"

वृंदाने 'पाळणार'च्या जागी 'नेमणार' लिहिलं. आबांनी ते खोडायला लावलं. दुपारची जेवणं नेहमीच्याच गडबडीत उरकली. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा उठलेच नाहीत.

पंधरवड्याने सुनावणीला गावातले सगळे हॉटेलवाले, बारवाले जमले. "आबांची हरकत तूच वाच," नगराध्यक्ष वृंदाला म्हणाले. तिने ती वाचली, अगदी आबांसारखा एक हात कमरेवर ठेवून. 'पाळणार'ला टाळ्या पडल्या, पोहण्यापाशी सभागृह हसलं. बारवाले सामंत डोळे पुसत म्हणाले, "आता सही कर नि बस. आबांच्या जागी आता तूच आमची."

वृंदा बसली नाही.

"हे आबांचं झालं," ती म्हणाली. "गेल्या खेपेलाही मीच लिहून दिलं होतं. त्यांना भांडायला फार आवडायचं आणि मला त्यांच्याशी भांडायचा धीर नव्हता. पण जीवरक्षक आल्यापासून आपल्याकडे कुणी बुडालेलं नाही. माझं म्हणणं, कर राहू द्या." मग हातातल्या कागदाकडे बघत ती हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आबा, तुमचं चुकत होतं."