निळा पाय

पडद्यावरचा पाय टाचेपासून बोटांपर्यंत निळा होता. निळा म्हणजे ताण कमी, भीती नाही. अहवालाच्या शेवटच्या पानावर आता फक्त गणितवालीची सही राहिली होती.

कृत्रिम पायांच्या त्या कारखान्यात तिला सगळे गणितवालीच म्हणत. नवा पाय दोन पदार्थांचा होता, आत पोलादाची पट्टी आणि भोवती ओतलेलं रबर. तिनं तो सॉफ्टवेअरमध्ये उभा केला होता, पोलादाला पोलादाचा कडकपणा दिला होता, रबराला रबराचा, आणि टाचेवर माणसाचं वजन ठेवून पाहिलं होतं. सही झाली की जेवणानंतर काकू तो पाय घालून जिना चढणार-उतरणार होत्या, दोनशे वेळा. काकूंचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. नवा पाय सगळ्यांच्या आधी चालून बघणं ही त्यांची अकरा वर्षांची नोकरी.

काकू नमुन्याचा पाय काखोटीला मारूनच आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. सगळं निळंच कसं, त्यांनी विचारलं. गणितवालीनं रंगांचा अर्थ समजावला. काकूंनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि टाचेजवळ, जिथं पोलादाची पट्टी संपते तिथं, पडद्यावर बोट टेकवलं.

"हे इथं सुटतं. आधी कुरकुरतं, मग सुटतं."

"इथं काहीच येत नाहीये, काकू."

"रबर लोखंडाला असं धरून बसतं, हे याला सांगितलं कोणी?"

गणितवाली उत्तर द्यायला गेली आणि थांबली. दोन भाग एकमेकांना टेकलेले दिसले की सॉफ्टवेअर ते जन्माचे चिकटलेले धरून चालतं. तसं नसेल तर माणसानं सांगावं लागतं. दोन्ही पदार्थांचे आकडे तिनं तीन-तीनदा तपासले होते. त्यांच्यामधल्या जोडाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"मीच," ती म्हणाली. "म्हणजे, काही न सांगून."

तेवढ्यात साहेबांनी दारातून डोकावून अहवाल कुठवर आला ते विचारलं. पाहुणे तीनला येणार होते, जिन्याची चाचणी बघायला. पाच मिनिटांत देते, असं म्हणणं सोपं होतं. तिनं तासभर मागितला. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"मला घाई नाही," काकू म्हणाल्या. "जिना काय पळून जातोय?"

साहेब गेले. जोड सुटू शकतो असं मानून तिनं गणित पुन्हा लावलं. पन्नास मिनिटं लागली. काकूंनी तेवढ्यात खुर्चीतच डुलकी काढली.

पाय आता सगळा निळा नव्हता. टाचेजवळ रबर पट्टीपासून सुटलं होतं आणि तिथं लाल पट्टा उमटला होता. टाचेच्या मागच्या टोकापासून सदतिसाव्या मिलिमीटरला सुरू, अठ्ठावन्नाव्याला संपलेला. तिनं अहवालाचं शेवटचं पान उलटं करून ठेवलं.

"सुटलं?" काकूंनी डोळे न उघडताच विचारलं.

"सुटलं."

मग तिचं लक्ष काकूंच्या रोजच्या, जुन्या पायाकडे गेलं. त्याच्याही आत तशीच पट्टी होती. टाचेजवळ पायाच्या बाहेरून सायकलच्या ट्यूबची काळी फीत घट्ट गुंडाळलेली होती. ती फीत गणितवाली वर्षभर रोज बघत होती. घसरू नये म्हणून असेल, असं तिनं धरलं होतं.

"काकू, जरा पाय काढून देता?"

काकूंनी पट्टे सोडले आणि पाय तिच्या हातात दिला. तिनं मोजपट्टी लावली. फीत पस्तीसला सुरू होत होती आणि साठला संपत होती.

"ही मोजून लावलीत?"

"मोजून नाही गं," काकू म्हणाल्या. "पडून."