स्पर्शफेरी

“हिरव्या लुगड्यातली बाई डावीकडून आली. घागर खाली ठेवली. वळून बघितलं...” अक्षदा कानात सांगत होती. मग तिचा आवाज तुटला आणि कानात चपराक वाजली.

धाराशिवच्या नाट्यगृहात तालीम चालू होती. मधल्या रांगेत बसलेल्या बारा आंधळ्या माणसांच्या कानांवर हेडफोन होते. रंगमंचावर काय चाललंय ते अक्षदा वरच्या काचेच्या खोलीतून त्यांना सांगायची. चपराक त्या बाराजणांनीच ऐकली. माईक चालू राहिला होता.

“नुसतं पाटील आला म्हणतीस व्हय? रुबाबदार म्हण, सटवे!” हा दिग्विजय. तिचा नवरा, नाटक कंपनीचा मालक आणि नाटकातला पाटील. दुसरी चपराक. बांगड्या फुटल्या. टेबलावर काहीतरी दणकन आपटलं. कपाळच असावं. “रविवारचा खेळ होऊ दे. तुझी जीभ ठिवतो का बघ. तुला जिती ठिवतो का तेबी बघ.”

दार आपटलं. बाराजणांच्या कानात तिचा श्वास तेवढा राहिला, वर-खाली, वर-खाली. मग ती म्हणाली, “बाईनं पदर डोक्यावर घेतला. ती रडत नाही.”

मध्यंतरात ती चहा घेऊन महालिंगप्पाजवळ आली. महालिंगप्पा त्या बाराजणांतलाच, जळकोटचा, जन्मापासून आंधळा, साठी उलटलेला. दिव्यांगांच्या सोयींचा सल्लागार म्हणून त्याला नेमलं होतं. उतरता रस्ता, जिन्याचा कठडा, हेडफोन, सगळं त्यानं भांडून करून घेतलेलं. कानात सांगायचं कसं ते अक्षदाला त्यानंच शिकवलं होतं. दिसेल तेवढंच सांगायचं, कौतुक आपण करायचं नाही.

“लागलं का गं?”

“जिन्यात पाय घसरला, काका.”

“त्या जिन्याला कठडा म्या लावून घेतलाय. तितं कुणी घसरत न्हाय.”

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. “दोनदा चौकीत गेले. दोनी येळंला सायबानं चहा पाजून ह्यांच्याच गाडीवर बसवून धाडलं. माहेरचे म्हणत्यात, कलावंत माणूस हाय, तापट असायचाच.”

“रविवारी काय करनार?”

“काय करनार? दिसंल ते सांगनार.”

त्या संध्याकाळी बाराजणांच्या परतीच्या जीपमध्ये कुणी भजन धरलं नाही. कळंबची कस्तुराबाई, जिच्या तोंडाची टकळी कधी थांबत नसे, ती एवढंच बोलली, “पोरगी कानातनं जाईना बाबा.”

रविवारी दुपारी शेवटची तालीम झाली आणि खेळाच्या आधी स्पर्शफेरी. ही महालिंगप्पाची अट होती. जे डोळ्यांनी बघता येत नाही ते आंधळ्या प्रेक्षकांनी रंगमंचावर जाऊन हातानं बघायचं. बाराजण एका हाताची मूठ मिटून, दुसरा पुढच्याच्या खांद्यावर ठेवून ओळीनं निघाले. वरून अक्षदा सांगत होती, “उजव्या हाताला बैलगाडी. तिच्या पुढं घागर. मग पाटलाचा फेटा आणि धनगराची काठी.”

काठी आतली पेरं फोडलेल्या पोकळ वेळूची होती, वर घोंगडीची पट्टी गुंडाळलेली, टोकाला बूच. शेवटच्या प्रवेशात धनगर ती उचलून पाटलाच्या डोक्यात तीनदा घालतो. फटका फेट्यावर खराच बसला पाहिजे, हा दिग्विजयचा हट्ट. आवाज झाला की टाळ्या पडायच्या.

व्यवस्थापक कल्याणप्पा फोनवर प्रमुख पाहुण्यांची गाडी शोधत होता. मधेच ओरडला, “हात लावला की सरका की फुडं! देवीच्या दर्शनाची रांग हाय व्हय ही?”

“तुळजापूरचे पुजारी बी एवढं ढकलत न्हाईत रं,” कस्तुराबाई म्हणाली. सगळे हसले. रांग काठीपाशी रेंगाळत, हळूहळू पुढं सरकली. सगळ्यात शेवटी महालिंगप्पा होता.

“झालं का?” कल्याणप्पानं विचारलं.

“झालं.”

खेळ रंगला. शेवटच्या प्रवेशात धनगर झालेल्या शिवराजनं काठी उचलली.

“काठी फेट्यावर बसली,” अक्षदा सांगत होती. “पाटील गुडघ्यावर आला. दुसरा वार. फेटा लाल होतोय. तिसरा. पाटील तोंडावर पडला. कानातून रक्त येतंय, नाकातून येतंय. पाय झाडतोय.”

टाळ्यांनी नाट्यगृह दणाणलं.

“पाय थांबले,” अक्षदा म्हणाली. “हे नाटकात नाही.”

पोलिसांनी काठी चिरली. आत सायकलचे छर्रे गच्च भरलेले, वर मेण.

“उचलताना जड लागली साहेब,” शिवराज म्हणाला, “पर हात उगारल्याला. दुपारी तालमीत हलकी हुती, शप्पत.”

इन्स्पेक्टरनं अक्षदाच्या कपाळाची खोक बघितली. मारायचं कारण तिलाच होतं. तिला बाकावर बसवलं, शेजारी महिला शिपाई उभी केली. मग हेडफोनवर गेलेलं सगळं बोलणं रेकॉर्ड होतं असं कळलं. दुपारच्या तालमीपासून शेवटच्या वारापर्यंत तिचा आवाज काचेच्या खोलीतून हललाच नव्हता.

“तालमीनंतर काठीला कोन शिवलं?”

“कोन न्हाय साहेब,” कल्याणप्पा म्हणाला. “म्हंजे, ती बारा आंधळी माणसं. पर त्यांचं काय, नुसतं चाचपून गेली.”

“ते सोडा. एवढं भरायला एका माणसाला निवांत अर्धा तास पायजे.” इन्स्पेक्टरनं अक्षदाला जायला सांगितलं.

महालिंगप्पा दारातच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं.

बाहेर आल्यावर अक्षदाला राग आवरेना. “आमाला बी माणसात धरा म्हणून साऱ्या जगाशी भांडता, काका. आज साहेबानं तुमाला धरलंच न्हाय, अन् तुमी गप?”

महालिंगप्पानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“म्या तोंड उघडलं असतं पोरी, तर बाकीच्या अकराजणांना मुठी उघडाव्या लागल्या असत्या.”