घड्याळातली हिरवी साडी

विनिता घाटकोपरला घरीच फोटोची घड्याळं बनवून विकते. काटे बसवायला मधोमध भोक पाडावं लागतं, म्हणून फोटोचा मध्य ती नेहमी रिकामा ठेवते. सुबोधने दिलेल्या फोटोत डावीकडे तो आणि त्याची बायको होती, उजवीकडे त्यांची लहान मुलगी ऋतिका. मध्ये नुसती निळी भिंत.

सुबोध घड्याळ परत घेऊन आला तो तणतणतच. "ही मधली बाई कोण? आणि तिच्या चेहऱ्याच्या जागी भोक? मुलीच्या वाढदिवसाला हे लावू मी भिंतीवर?"

विनिता भडकली. "दादा, दुसऱ्याचा फोटो मिसळायला मी काय येडी आहे? बसा इथे. तुमच्यासमोर नवीन करून देते."

फोटो छापलेली नवी लाकडी चकती दोघांनी नीट पाहिली. मध्ये भिंतच होती. विनिताने ड्रिल चालवलं आणि भुसा फुंकला. भोकाखाली हिरव्या साडीतली बाई उभी होती.

"ताई, ही हातचलाखी बंद करा."

"माझ्या कामावर बोलायचं नाही." रागारागाने तिने तिसरी चकती छापली. "या वेळी भोक पार उजव्या कडेला पाडते. काटे छोटे लावीन. बघू आता कुठे उभी राहते ती."

तिने भोक पाडलं. मधली भिंत रिकामीच राहिली. सुबोधने चकती हातात घेतली.

बाई कडेला उभी होती. ऋतिकाने तिचं बोट धरलं होतं आणि आईबाबांकडे पाठ फिरवली होती.