मंडळीचं पत्र

“तुम्ही मुलीला घेऊन मागच्या काचेच्या खोलीत बसा ना,” चौथ्या चर्चचे पंच अगदी गोड आवाजात म्हणाले. “तिथे स्पीकर लावलाय. सगळं ऐकू येतं.”

“आणि आमचं?” मुलीच्या बापाने, चष्मेवाल्याने विचारलं.

“तुमचं काय?”

“आमचं ऐकू येतं का कुणाला, तिथून?”

पंचांनी घड्याळ पाहिलं. बायकोने चष्मेवाल्याची बाही ओढली आणि तिघं बाहेर पडली.

मुलीला घरात चिमणी म्हणत. वय एकतीस, बुद्धी सहा वर्षांची. प्रार्थनेत सगळे डोळे मिटून गप्प झाले की हिला हसू फुटायचं, नाहीतर ही मोठ्याने गायला लागायची. जुन्या चर्चच्या मंडळीत त्याचं कुणाला काही वाटत नसे. पाळक थांबायचे, तिचं कडवं संपू द्यायचे आणि पुढे बोलायचे. पण ती मंडळी आटत आटत बारा म्हाताऱ्यांवर आली आणि एक दिवस इमारतीला टाळं लागलं. निरोप देताना पाळकांनी घरटी एकेक पत्र दिलं होतं. त्यात लिहिलं होतं, हे कुटुंब आमचं विश्वासू, यांना आपलं म्हणा. नव्या पाळकांच्या हातात ते पत्र पडलं की माणूस तिथला झाला. दोन वर्षं ते चष्मेवाल्याच्या कोटातच होतं. घड्यांवर आता फाटायला आलं होतं.

शहरात चर्चना तोटा नव्हता. पहिल्याने सांगितलं, तान्हेपणीचा बाप्तिस्मा आम्ही मानत नाही. मुलीने समजून-उमजून कबुली द्यावी आणि मग पाण्यात उतरावं. “समजून-उमजून म्हणे! त्यांच्यातल्या किती जणांनी समजून दिलीय, देवालाच ठाऊक,” बायको रस्ताभर धुसफुसत राहिली. दुसरीकडे ढोल इतके, की चिमणी कान झाकून बाकाखाली शिरली. तिसऱ्या ठिकाणी तर कहरच. चौघांनी तिच्या डोक्यावर हात ठेवले आणि ‘बाहेर नीघ’ म्हणून तिच्या अंगातल्या भुतावर ओरडायला लागले. बायकोने त्यातल्या एकाला सरळ ढकललं, लेकीचा हात धरला आणि तडक घर गाठलं. त्या दिवशी बायको जेवली नाही.

चौथ्या चर्चनंतर, सोमवारी, ती नवऱ्याच्या दुकानात येऊन बसली. चष्मेवाला भिंग घासत होता.

“अहो, मी बहात्तरची झाले. माझं मेलीचं काय, मी कुठल्याही बाकावर डोळे मिटून बसेन. पण आपल्यामागे हिचं कोण? तुमचा तो भाऊ? दहा वर्षांत साधा फोन नाही. एका रविवारी ही दिसली नाही, तर चार माणसांनी विचारायला हवं, आज चिमणी का नाही आली? एवढंच हवंय मला.”

“मिळेल गं.”

“केव्हा? आपण गेल्यावर?”

त्याने भिंगावर फुंकर मारली आणि तेच भिंग पुन्हा घासायला घेतलं.

पाचवं चर्च तिलाच दिसलं, बसथांब्यामागच्या गल्लीत. लहानसं, रंग उडालेलं. दाराला कुलूप नव्हतं, कडीला नुसती दोरी बांधलेली. रविवारी तिघं गेली तेव्हा नऊ-दहा माणसं मागच्या बाकांवर लांब लांब बसली होती. पुढचे बाक रिकामे. कुणी वळून पाहिलं नाही, ‘नवीन का?’ म्हणून कुणी उभं केलं नाही. उपासनेला मात्र उशीर होत होता. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. चिमणीला कंटाळा आला आणि तिने आपलं आवडतं गीत सुरू केलं, बेसूर आणि खणखणीत.

बायकोने तिच्या तोंडावर हात ठेवायला नेला. तेवढ्यात शेजारच्या बाकावरची एक उंच बाई उभी राहून गाऊ लागली. मग पलीकडचं जोडपं, मग सगळेच. गीत संपल्यावर काळ्या कोटातले, पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ बाकावरून उठले, पुढे गेले, प्रार्थना केली, शास्त्रपाठ वाचला, चार शब्द बोलले. चिमणी मध्येच हसली तेव्हा ते थांबले. तिचं हसणं संपल्यावर पुढे बोलले.

बायको घर येईपर्यंत रडत होती.

सहा रविवार असे गेले. गीत दर वेळी चिमणीच सुरू करायची. तोवर सगळे तिच्याकडे बघत थांबायचे. उंच बाईने एकदा हळूच विचारलं, “आमचं इथे बसणं चालतं ना?” “अहो, भलतंच काय विचारता!” बायको म्हणाली, आणि घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाली, “किती नम्र माणसं! याला म्हणतात मंडळी.” सहाव्या रविवारी तिने त्याच्या कोटाचा खिसा चाचपला. “द्या आता पत्र. मुहूर्त बघताय का?”

उपासना संपल्यावर चष्मेवाला बाजूच्या खोलीत गेला. काळ्या कोटातले गृहस्थ तिथे खुर्चीत बसले होते. त्याने पत्र त्यांच्यापुढे ठेवलं.

“पाळकसाहेब, आम्हाला इथलं करून घ्या.”

त्यांनी ते वाचलं. मग टेबलाचा खण ओढला. आत तसलीच चार पत्रं होती, वेगवेगळ्या अक्षरांतली, सगळी पाळकांच्या नावे.

“हे त्या उंच बाईंचं. हे पलीकडच्या जोडप्याचं,” ते म्हणाले. “माझ्याच हातात आणून दिली सगळ्यांनी. नाही कसं म्हणू? म्हटलं, पाळक आले की देऊ.”

“म्हणजे? पाळक केव्हा येणार?”

म्हाताऱ्याने आतल्या खिशातून घड्यांवर फाटलेला एक कागद काढला आणि चष्मेवाल्यापुढे सरकवला.

“हे माझं. मीही इथे नवाच. आज तुम्हालाच देणार होतो. पहिल्या दिवशी गीत तुमच्या मुलीने सुरू केलं ना, मला वाटलं, हे घर इथलं जुनं.”