चालून आलेला लिफाफा

जयसिंहरावांनी लिफाफा उजेडाकडे धरला, उलटा केला, मग त्याचा वास घेतला.

"डाग कसला हा?"

"मगरीचा," सुधाताई म्हणाल्या.

फूलबागेजवळ एक कोचिंग क्लास आहे. रविवारी तो बंद असतो, तेव्हा तिथं जुने लिफाफे जमवणाऱ्या डाक-इतिहासवाल्यांचा क्लब भरतो. बाकं शंभर पोरांची, माणसं दोन. अध्यक्ष जयसिंहराव आणि सचिव बळवंतराव. फळ्यावर कालची गणितं तशीच. सुधाताई तिसऱ्या, पण त्या अजून क्लबात नव्हत्या. त्यांना घ्यायचं की नाही ते या लिफाफ्यावर ठरायचं होतं. नियमच तसा. नव्या माणसानं स्वतःच्या नावानं आलेला एक लिफाफा दाखवायचा. तिकीट लावलेला, डाकेतून चालून आलेला, माणसानं माणसाला धाडलेला. बँकेचा, विम्याचा चालत नाही.

"आग्र्याच्या मैत्रिणीनं पाठवला," सुधाताई सांगू लागल्या. "येताना डाकेची मोटर चंबळच्या पुलावर उलटली. सगळे थैले पाण्यात. त्यातला एक थैला मगरीनं गिळला, अख्खाच्या अख्खा. चार दिवस पोटात ठेवला. मग पचेना, तेव्हा दिला काढून वाळूवर. डाकिया तर मला म्हणाला, अम्मा, तुमचा एकटीचाच वाचला. बाकीच्यांची अक्षरं पचली."

बळवंतराव बाकावर पुढं सरकले. "आणि मगर?"

"मगरीचं तर पुढंच आहे सगळं..."

सुधाताईंचे डोळे चमकत होते. ऐकणारं माणूस बऱ्याच दिवसांनी मिळालं होतं. एरवी कामवाली ऐकायची, भांडी घासता घासता. रविवारी तीही येत नाही. रविवारी बोलायला फक्त दूधवाला, आणि तो हेल्मेट काढत नाही.

जयसिंहरावांनी हात वर करून गोष्ट थांबवली. शिक्क्यावर भिंग ठेवलं.

"पडाव," ते म्हणाले. "ही मगर इथल्याच, पडावच्या डाकघरात चढली. आणि चहा पिते. आल्याचा."

कुणी हसलं नाही.

सुधाताईंनी पदर सारखा केला. "आग्र्याला माझं कुणी नाही," त्या म्हणाल्या. "पण डाकेतून आला ते खरं आहे. तिकीट लावून मीच डब्यात टाकला. मग रोज दारात उभी राहून वाट पाहिली. डाकियानं नाव घेतलं, तर एकदम 'ओ' नाही देता आली."

जयसिंहरावांनी आतला कागद काढला. उलगडला, पालथा केला. दोन्ही बाजू कोऱ्या.

"आत काही लिहिलं नाही?"

"स्वतःला काय लिहू? सगळं ठाऊकच होतं."

वर पंखा कुरकुरत फिरत होता. जयसिंहरावांनी कागदाची होती तशीच घडी घातली, लिफाफ्यात सरकवली आणि लिफाफा सुधाताईंपुढं ठेवला.

"नियमात बसत नाही, सुधाताई."

सुधाताईंनी तो उचलून थैलीत टाकला. चपला घातल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"तुम्ही कोणता दाखवला होता?"

जयसिंहराव भिंग पुसायला लागले. पुसतच राहिले.

"नियम यांनीच केला, यांना कोण विचारणार?" बळवंतराव म्हणाले. "अल्बम पाहा यांचे. सुभेदाराला आलेली चिट्ठी आहे, सावकाराला आलेली आहे, कुणाच्या तरी सासूला आलेली आहे. यांच्या नावाची एक नाही."

"बळवंतराव."

"हं. गप्प बसतो."

बाहेर बागेत कुणाचं तरी पोर फुग्यासाठी रडत होतं.

"तो कागद द्या इकडे," जयसिंहराव म्हणाले.

सुधाताईंनी थैलीतून लिफाफा काढून दिला. जयसिंहरावांनी आतला कोरा कागद घेतला आणि त्याच्यावर सावकाश, ठळक अक्षरांत काहीतरी लिहिलं.

"हा माझा पत्ता. हजिऱ्याला राहतो मी. पुढच्या रविवारच्या आत तुमची चिट्ठी पोचली पाहिजे. तुमचा पत्ता लिफाफ्यावर आहेच, तो मी उतरवून घेतो. मीही तुम्हाला एक टाकतो. मतलब, दोघांचीही नियमात बसेल."

सुधाताईंनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला. "पण लिहू काय?"

"मगरीचं पुढं काय झालं ते."

"अहो, ती मगर ना..." सुधाताई परत आत आल्या, बाकावर टेकल्या.

जयसिंहरावांनी हात वर केला.

"इथं नको," ते म्हणाले. "डाकेनं."