डब्याचा तिसरा कप्पा

सासऱ्यांनी माझा पहिला दिवाळसण रद्द केला. अर्थात असं काही घडलेलंच नाही, हे दोन्ही घरांनी मिळून ठरवलं आहे.

लग्नाचा व्हिडिओ मीच तयार केला होता. व्हिडिओची फाइल म्हणजे कप्प्यांचा डबा. एका कप्प्यात चित्र, दुसऱ्यात सनई, तिसऱ्यात माझ्या शेरवानीला लावलेल्या माइकचा आवाज. प्रत्येक आवाजावर भाषेची चिठ्ठी लावता येते. सनईला भाषा नसते, म्हणून तिथे काही लिहिलं नाही. तिसऱ्या कप्प्यावर मात्र नीटनेटकेपणाने 'मराठी' लिहिलं. माझा लॅपटॉप चिठ्ठ्या न बघता पहिला आवाज उचलतो, त्यामुळे तिथे सनईच वाजली.

सासऱ्यांचा टीव्ही मराठीवर लावलेला. त्याने डबा उघडला, चिठ्ठ्या वाचल्या आणि इमानदारीने तिसरा कप्पा वाढला. पडद्यावर अंतरपाट धरलेला आणि बारा नातेवाइकांसमोर माझा आवाज मित्राला सांगतोय, "सासऱ्यांचा फेटा बघ. शिट्टी द्यायच्या बेतातला कुकर दिसतोय."

"जावईबापू, दिवाळीला तुम्ही तुमच्या घरीच बरे," सासरे शांतपणे म्हणाले.

तेवढ्यात सासूबाईंनी रिमोट घेतला. "जरा मागे घेते. कुकरपासून." तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी तोंडाला पदर लावला. "तीस वर्षं मला शब्द सापडत नव्हता हो."

त्यांनी चौथ्यांदा रिमोट उचलल्यावर सासरे माझ्याकडे वळले. "दिवाळीला या. पण आधी हे बंद करा."

सबब, सर्व टीव्ही कंपन्यांना नम्र विनंती की, सासरे समोर बसलेले असल्यास मराठी आवाज निवडण्यापूर्वी जावयाची लेखी परवानगी घेण्यात यावी.